हूक मोकळा ठेवायचा

उचगावच्या यल्लाप्पाला मोकळी वस्तू बघवत नसे. रेडकू दिसलं की बांध, पाहुण्याची मोटरसायकल दिसली की चाकात साखळी घाल. एका लग्नात त्याने वरातीची घोडी अशी बांधली की नवरदेव तासभर वर बसून आणि वऱ्हाड खाली घाम पुसत. शेवटी दावं कोयत्याने तोडलं. गावाला त्याचं कौतुकच होतं.

पस्तिशीला हा गडी बोटीवर नोकरीला निघाला. प्रशिक्षण राजारामपुरीत, तिसऱ्या मजल्यावर, जिथून समुद्र सोडा, रंकाळा तलावही दिसत नाही. जखमीला बोटीवरून उचलायच्या सरावाला हेलिकॉप्टर म्हणून छताचा पंखा, शेजारी दोरीने टांगलेला हूक. सर सांगायचे, "वरून आलेला हूक आधी डेकला टेकू द्या, नाहीतर विजेचा झटका बसेल. आणि बोटीत तो कशालाही अडकवू नका. अडकला तर हेलिकॉप्टरमधला माणूस हुकाची तार तोडणार. नाही तोडली तर हेलिकॉप्टरच खाली येईल." यल्लाप्पाने सगळं पाठ केलं आणि वर्गात पहिला आला. शेजारच्या आकारामलाही त्याने सोबत ओढलं. आकारामच्या बायकोला, अंजनाला म्हणाला, "वैनी, काळजी करू नगा. मी हाय की."

समुद्रातल्या तेलविहिरींना सामान पोचवणाऱ्या बोटीवर दोघांनी दोन वर्षं काढली. मग एका खवळलेल्या दुपारी डेकवरचं लोखंडी पिंप सुटलं आणि आकारामच्या पोटावर आलं. इलाज किनाऱ्यावरच होता. हेलिकॉप्टर मागवलं.

हूक खाली आला. यल्लाप्पाने तो डेकला टेकू दिला, मगच हात लावला. स्ट्रेचरचा एक पट्टा सैल दिसला. तो आवळायला दोन्ही हात हवे होते, आणि हूक तर घसरत आकारामच्या डोक्याकडे निघालेला.

"जरा दम धर की," असं हुकालाच म्हणून यल्लाप्पाने तो कठड्याला अडकवला.

तेवढ्यात बोट लाटेवरून खाली बसली. तार ताणली, हेलिकॉप्टर कललं, आणि वरच्या माणसाने तार तोडली.

"गेलं व्हय?" आकारामने विचारलं.

"येतंय की परत."

दुसरं आलं तीन तासांनी. आकाराम दोनच तास थांबला.

गावात बातमी पोचली ती अशी, की यल्लाप्पाने मित्रासाठी हेलिकॉप्टर धरून ठेवलं होतं, पण वरच्या भित्र्याने तार तोडून पळ काढला. चौकात मिशीला पीळ दिलेल्या यल्लाप्पाचा फलक लागला. सत्कार ठरला.

आदल्या दिवशी तो अंजनाकडे गेला आणि खरं ते सांगितलं.

"अडकवायचा न्हाय, हे ठावं हुतं तुमाला?"

"पाठ हुतं."

अंजना म्हणाली, "उद्या हेच समद्यांम्होरं सांगा. मी येतो ऐकायला."

दुसऱ्या दिवशी यल्लाप्पाने माईक धरला. "आकारामला मी मारलं," म्हणाला, आणि हूक, कठडा, तार, सगळं सांगितलं.

मग अध्यक्ष तात्यासो डोळे पुसत उठले. "बघा मंडळी, केवढं मन! दुसऱ्याची चूक सोताच्या अंगावर घेतोय गडी."

टाळ्या थांबेनात. तात्यासोंनी त्याला आणखी एक शाल पांघरली. पहिल्या रांगेतली अंजना उठली, चपला शोधून पायात घातल्या आणि घरी गेली.

यल्लाप्पा तिच्यामागे निघाला होता, पण फोटोसाठी त्याला दोन्ही दंडांना धरून जागेवर उभं केलं.