केळीच्या बागेत शिकलेला समुद्र

वाऱ्याच्या दिवसांत केळीची बाग जो आवाज करते, तो ऐकून माझी बायको अंगणातल्या खाटेवर उठून बसायची. पानं एका टोकापासून वाजत यायची, आपल्या अंगावरून जायची आणि दुसऱ्या टोकाला विरायची. लाट अशीच येते, म्हणायची. लग्नाआधी फैजपूरला आमचं शेत बघायला आली तेव्हा हाच आवाज ऐकून आपण हो म्हटलं, असं ती अजूनही चारचौघांत सांगते. म्हणजे मला बघून नव्हे. असू दे, मी काही मनाला लावून घेत नाही.

ती रत्नागिरीकडची, समुद्रकाठच्या गावची. नर्सची नोकरी लागून जळगावला आली. मी ट्रॅक्टरच्या पट्ट्यात बोट घालून तिच्या वॉर्डात गेलो, आणि टाके दाखवायला गरजेपेक्षा चार वेळा जास्त गेलो. लग्न तिच्या वडिलांना न विचारता झालं. आई तिची लहानपणीच गेलेली, घरात बापलेक दोघंच. वडिलांनी आरडाओरडा केला नाही, शिव्याशाप दिले नाहीत. फक्त बोलणं बंद केलं. पाच वर्षं तिनं पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. पोस्टमन फाटकावरून तसाच पुढे गेला की ती झाडलेलं अंगण पुन्हा झाडायला घ्यायची. मला ते बघवायचं नाही. मी मूळचा तापट. एकदा म्हटलं, जातो आणि त्यांच्या दारात उभा राहून जाब विचारतो.

ती म्हणाली, दारात ते बोलणार नाहीत. ते बोलले तर धक्क्यावरच बोलतील. रोज भरतीच्या वेळी बंदराच्या जुन्या धक्क्यावर गळ टाकून बसतात, आणि शेजारी बसून नीट मासा धरणाऱ्या माणसाशीच दोन शब्द बोलतात. बाकीचं जग त्यांच्या खिजगणतीत नाही.

म्हणजे मला मासे धरायला शिकणं आलं. आमच्या घरात, जिथं अंड्याचं टरफलसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलेलं नव्हतं! आईनं कपाळावर हात मारला. "सासऱ्याशी बोलाले मासा कायले लागते रे?" म्हणाली. शेवटी तह झाला. दोरी आणि गळ घरात आणायचे नाहीत, शेतातल्या शेडमध्ये ठेवायचे, आणि धरलेला मासा जिवंत सोडून द्यायचा.

लहानपणी बापाशेजारी बसून शिकलेल्या बायकोनं पहिले धडे केळीच्या दोन ओळींमधल्या वाटेवर दिले. लाकडी फळीला गुंडाळलेली नायलॉनची दोरी, टोकाला रावेरच्या गॅरेजमधून आणलेलं शिसं. दोरी डोक्यावर फिरवायची आणि सोडायची. ज्वारीतली पाखरं हाकलायला गोफण फिरवण्यात माझा जन्म गेला होता, तेव्हा हे आपल्या डाव्या हाताचा मळ, असं मला वाटलं. पहिलंच शिसं केळीच्या पानात गेलं, पान टराटरा फाटलं आणि आमचा सालदार गडी पोट धरून खाली बसला. मग एकेक नियम आला. फेकण्याआधी मागं बघायचं, धक्क्यावर मागं कुणीतरी उभं असतंच. दोरीच्या वेढ्यात स्वतःचा पाय ठेवायचा नाही. हिरव्या शेवाळाच्या पायरीवर उभं राहायचं नाही. घरी आल्यावर गळ गोड्या पाण्यानं धुवायचा, नाहीतर खारं पाणी लोखंड खातं. समुद्र दोनशे कोसांवर, आणि मी विहिरीच्या पाण्यानं गळ धूत बसायचो.

रविवारी आम्ही मोटारसायकलवरून हतनूर धरणाच्या फुगवट्यावर जायचो. ते रविवार मला अजून अर्धवट झोपेत दिसतात. पाणी हलत नसायचं. पलीकडे सातपुडा निळा होत होत आभाळात मिसळायचा. गळाला कणकेची गोळी लावून मी दोरी तर्जनीवर घ्यायचो, आणि ती म्हणायची, डोळे मिटा, आता तो डोंगर नाही, तिथं पाणी संपतच नाही. मी डोळे मिटायचो. ती हळू आवाजात सांगत राहायची. खडकांवर मिठाचा पांढरा थर कसा वाळतो, भरती लागली की होड्या बसल्या जागी कशा उठतात, पाणी सहा तास येतं आणि सहा तास जातं. जातं कुठं, मी विचारायचो. ती हसायची. माझ्या डोक्यात पाणी म्हणजे तापी. ती आली की पुढेच जाते. एकदा घाटावरून माझा टॉवेल वाहून गेला होता, तो दोन वळणं खाली धावत जाऊन मी काढून आणला होता.

मासा आधी विचारतो, मग घेतो, हे तिनं शंभरदा सांगितलं असेल. बोटावर पहिला हलका ठोका म्हणजे विचारणं, तेव्हा ओढायचं नाही. मी दर वेळी ओढायचो. "टाके दाखवायला मात्र बरे निवांत येत होतात," ती म्हणायची.

गळ बांधायची गाठ तिनं सगळ्यात शेवटी शिकवली. सात वेढे, थुंकीनं ओली करून आवळायची, आणि उरलेलं टोक कापायचं नाही, दातानं चावून चपटं करायचं. असं कशाला, म्हटलं. तर म्हणे, बाबा असंच करतात.

वर्षभरानं, माघातल्या थंडीत, तीन एस.टी. बदलून आम्ही तिच्या गावी पोचलो. ती धक्क्यावर यायला तयार नव्हती. त्यांनी मला बघून पाठ फिरवली तर मी कुठं तोंड लपवू, म्हणाली, आणि स्टँडच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली. मी एकटाच निघालो.

समुद्र बघितल्यावर मी शिकलेलं सगळं विसरलो. एवढं पाणी, आणि त्याला पलीकडचा काठच नाही. पाय आपोआप धक्क्याच्या खालच्या पायरीकडे गेले. तापीवर करतो तसं चपला काढून ठेवल्या, ओंजळीत पाणी घेतलं, हात जोडले. मग अनवाणीच वर चढलो. म्हातारा टोकाला बसला होता, तिच्यासारखंच कपाळ. मी चार हात सोडून बसलो. वाटेत विकत घेतलेली कोलंबी नजर दुसरीकडे करून गळाला लावली. मागं बघितलं. दोरी सोडली. शिसं लांब जाऊन पडलं आणि मी मनात म्हटलं, वा रे गड्या.

तासभर म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग बोटावर ठोका आला. विचारतोय. मी ओढलं नाही, आयुष्यात पहिल्यांदा. आणि तेवढ्यात खाली नजर गेली तर पायरीच दिसेना, आणि माझ्या चपला पाण्यावर डुलत निघालेल्या. सगळे नियम सांगितले होते तिनं, पण भरतीला पायरीवर काही ठेवायचं नाही हे काही सांगायचं असतं, असं तिच्या मनातच आलं नव्हतं. मी दोरी टाकली आणि पळत वाळूत उतरलो. पाणी जिकडे चाललंय असं वाटलं तिकडे, दोन वळणं खाली गाठायला.

"पाव्हणे," मागून आवाज आला. "नदीवरचे दिसता. धावू नका. समुद्र नेतो ते इथंच आणून टाकतो. या, बसा."

मी मान खाली घालून परत आलो. शरमेनं कान तापले होते. म्हाताऱ्यानं माझी दोरी ओढून घेतली होती. गळाला बोटाएवढी मुडदुशी मासळी तडफडत होती, पण तो तिच्याकडे बघत नव्हता. गाठीचं चपटं टोक अंगठ्याच्या नखानं पुन्हा पुन्हा चाचपत होता. आमच्याकडे मासा सोडून देतात, मी कसंबसं म्हणालो. त्यानं काही न विचारता तो सोडला.

मग आम्ही नुसतेच बसलो. पाणी वर चढलं, थांबलं. उन्हं उतरली तेव्हा धक्क्याच्या भिंतीला घासत माझी एक चप्पल आली. त्यानंच वाकून उचलली, पाणी झटकलं आणि माझ्या पायाशी ठेवली.

"दुसरी उद्याच्या भरतीला येईल," तो समुद्राकडे बघत म्हणाला. "येताना पोरीला घेऊन या."

स्टँडवर मला एका पायात चप्पल घालून येताना बघून बायकोचा चेहरा पांढरा पडला. तिला वाटलं, हाकलून दिलं. मी जे घडलं ते सगळं सांगितलं, उद्याच्या भरतीचंही. ती ऐकता ऐकता रडायला लागली, मग पदरानं डोळे पुसून उभी राहिली.

"दुसरी कधीच येत नसते," ती म्हणाली. "बाबांना ते पक्कं ठाऊक आहे."

उद्यापर्यंत ती थांबली नाही. पिशवी बाकावरच टाकून धक्क्याच्या रस्त्याला लागली. मी पिशवी उचलली आणि एका चपलेनं तिच्या मागं निघालो.