ऊन लागलंय म्हणे

आमच्या गावात डाळिंबाला रोग होत नाही. ऊन लागतं. फळावर तेलकट डाग पडला, डाग काळा झाला, त्यातून फळ तडकलं, तरी मालक ते हातात फिरवत सांगणार, ऊन लागलंय. आठवडाभर झड लागलेली असली तरी ऊनच. मी एसटीत कंडक्टर होतो. मिसरूड फुटलेल्या पोराला मांडीवर घेऊन अर्धं तिकीट मागणाऱ्या आया मी पाहिल्यात, पण त्या निदान खिडकीबाहेर तरी बघायच्या.

ह्या रोगाचं नाव तेल्या. तेल्याला तेल्या म्हणणारं गावात एकच माणूस आहे, ते म्हणजे शरणम्माक्का. तिची बाग माझ्या बांधाला लागून आहे. माझ्याकडं सोयाबीन आणि तूर, त्यांना तेल्या होत नाही, म्हणून नाव घेतलं तर व्यापारी पाठ फिरवेल ही भीती मला नाही.

अक्का मूळची सीमेपलीकडची, आळंदकडची. लग्न होऊन मुरुमजवळच्या ह्या गावात आली तेव्हा तिला मराठी येत नव्हतं. बांधाच्या भांडणात शिकली आणि पक्की शिकली. अजूनही राग फारच आला तर कन्नडात शिरते. नवरा वीरभद्रप्पा मुरुमला अडत दुकानात कामाला, देवमाणूस, पण शेताच्या बाबतीत पाहुणा. मुरमाड माळ अक्कानंच फोडला आणि डाळिंब लावलं. झाडांशी ती माणसांपेक्षा बरं बोलते असं तिच्या सुना म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही.

ती पहिली बाग तेल्यानं खाल्ली. तेल्या म्हणजे डोळ्यांना न दिसणारा जंतू. पावसाच्या शिंतोड्यानं तो ह्या पानावरून त्या पानावर जातो, आणि माणसाच्या हातानं, छाटणीच्या कात्रीनं ह्या बागेतून त्या बागेत. शिरला की मुळापासून जात नाही, आवरता येतो, तोही वेळेत कळलं तर. अक्काला वेळेत कुणी कळू दिलं नाही. सगळे ऊनच म्हणत राहिले. शेवटी तिनं झाडं उपटून काढली आणि रानातच पेटवली. धूर माझ्या ओसरीपर्यंत आला, पण तक्रार करायचं धाडस मला झालं नाही.

मग लोक सांत्वनाला आले. चहा पिता पिता एकेक जण हळूच बोलला, "आमच्यातबी व्हता, गेल्या साली."

अक्का थांबली. "म्हंजी ठावं व्हतं तुमाला," ती म्हणाली, आणि तिनं अर्धे भरलेले कप लोकांच्या हातातून काढून घेतले. मी तिथंच बसलो होतो, माझाही गेला. मला त्याचं काही वाटलं नाही. मला त्या लोकांचा जो राग आला तो अजून उतरलेला नाही.

दोन वर्षं जमीन मोकळी ठेवून तिनं दुसरी बाग लावली. ही बाग गेली तर तिसरी लावायचं तिचं वय नाही. हे तिला माहीत आहे, मला माहीत आहे आणि गावालाही.

आता अडचण अशी की आमच्याकडं डाळिंबवाल्यांची सावड आहे. आज सगळे मिळून तुझ्या बागेत, उद्या माझ्या. मजुरी नाही. ज्याच्यात काम त्यानं भाकरी घालायची. गावात कितीही तंटे असोत, सावड मोडत नाही, आणि ह्या एका गोष्टीचा आम्हाला अभिमान आहे. पण सकाळी ज्या कात्रीनं एकाची बाग छाटली तीच दुपारी दुसऱ्याच्या बागेत जाते. तेल्याला एवढी सोयीची वाहतूक आमच्या महामंडळानंही दिली नसती.

गेल्या सप्टेंबरात छाटणीची सावड अक्काच्या बागेत यायची होती. सकाळी तिनं पहिल्यांदाच फाटकाशी बादली ठेवली. जंतू मारायचं औषध घातलेलं पाणी, दवाखान्यासारखा वास. स्वतः कमरेवर हात देऊन उभी राहिली.

सगळ्यांत पुढं कोंडीराम होता. त्याची स्वतःची अर्ध्या एकराची बाग, आणि छाटणीत त्याच्या हाताला तोड नाही. अक्का त्याला म्हणाली, "कोंडीराम, कात्री बुडवा. हातबी धुवा. मग आत या."

कोंडीरामनं बादलीकडं पाहिलं. कात्री बुडवली, झटकली आणि तिथंच उभा राहिला.

"हात न्हाय धुनार, अक्का," तो म्हणाला. "माझ्या आज्याला ह्याच वाटंवर थांबवून लांबनं पानी वाढत व्हते. म्या बघितलंय. सावडीत आमी बरोबरीनं येतो. इथं पुन्ना हात धुवून आत यायचं न्हाय."

"तसं न्हाय वो ते. तेल्यापायी म्हनते म्या."

"तुमच्या मनात नसंल. पन दारात तेच दिसतंय."

तो वळला आणि त्याच्या मागं सगळे वळले. अक्का बादलीशी एकटी राहिली. बांधावरून मला तिचं तोंड दिसत होतं. कोंडीरामवर चिडावं तर त्याचं खोटं नव्हतं, आणि स्वतःवर चिडावं तर तिचंही खोटं नव्हतं. राग ठेवायला जागा नसली की माणूस कसं दिसतं ते मी त्या दिवशी पाहिलं.

जागा संध्याकाळी मिळाली. स्टँडजवळच्या हॉटेलात अमरसिंह बसला होता. गावात सगळ्यात मोठी बाग त्याची. चार माणसं जमवून तो सांगत होता, "गावातला विटाळ कधीच गेला व्हता. अक्कानं बादलीत घालून परत आनला."

हे कोण बोलतंय, तर अमरसिंह. ह्याच्या घरी कोंडीरामचा कप वेगळा असतो, गोठ्याच्या वळचणीला खोचलेला. चहा झाला की कोंडीरामनं तो स्वतः विसळून परत खोचायचा. आज ह्याला एकदम समतेचा पुळका आला. मी तोंड उघडणार तेवढ्यात अक्का आत आली.

आमच्या हॉटेलात बायका येत नाहीत. ती सरळ अमरसिंहच्या टेबलाशी गेली आणि पदरातून एक डाळिंब काढून त्याच्या बशीशेजारी ठेवलं. त्याच्याच बागेतली रस्त्यावर आलेली फांदी, त्या फांदीचं. काळा डाग, मधोमध तडकलेला.

"हे काय हाय?"

"ऊन लागलंय, अक्का," अमरसिंह हसून म्हणाला.

"सुळ्ळु हेळबेड," अक्का म्हणाली. खोटं बोलू नको. एवढं कन्नड गावातल्या प्रत्येकाला येतं, निदान अक्काच्या तोंडून ऐकून तरी.

सगळ्यांनी बशीत तोंड घातलं, कारण निम्म्यांच्या बागेत ऊन लागलेलं होतं. बाहेर दगडावर कोंडीराम बसला होता. तो उठून दारात आला.

"मालक, पंधरवड्यामागं तुमच्यात फुटवे काढले आमी. तवाबी हे व्हतं का?"

"ऊन म्हनतो ना रे."

"तिथनं आमी अक्काच्यात गेलो. ह्याच कात्र्या घेऊन. मग माझ्यात."

अमरसिंहनं खिशातून मोबाईल काढला आणि कानाला लावला. तो वाजलासुद्धा नव्हता. कोंडीराम त्याच्याकडं बघत राहिला, मग निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दव उतरल्यावर कोंडीराम अक्काच्या फाटकाशी आला. बादली तिथंच होती. मी बांधावर होतोच, नसतो तरी आलो असतो.

"बादली हितं नगं, अक्का," तो म्हणाला. "येनाऱ्याला हात धुवायला लावलं की घान मानसात हाय असं व्हतं. घान झाडात हाय. ज्याच्यात रोग हाय त्याच्या फाटकाला बादली पायजे, भायर निघताना धुवायला. तिथं कोन कशाला रागवंल?"

अक्कानं थोडा विचार केला. मग पदर खोचला. "चला तर. अमरसिंहच्या दाराशी निऊन ठिवू."

तिच्या आवाजात मजा होती, आणि मलाही ती आली. मी चपला घातल्या. हे बघायला मी उपाशी गेलो असतो.

"थांबा," कोंडीराम म्हणाला. "आदी तुमच्या वळी बघू. आमी आलो व्हतो तिथनं."

ते दोघं बागेत शिरले. मी वाट बघत राहिलो. मधल्या वळीत कोंडीराम वाकला, एक पान उन्हाकडं धरलं आणि अक्काकडं दिलं. तिनंही उन्हाकडं धरलं. एवढ्या लांबून मला डाग दिसणं शक्य नव्हतं, पण ती कितीतरी वेळ हात खाली आणेना, तेव्हा मला कळलं.

ती रडली नाही. तिनं कन्नडात जे काही म्हटलं ते मी इथं लिहीत नाही. मग फाटकाशी आली, भरलेली बादली दोन्ही हातांनी उचलली, आतल्या अंगाला नेऊन ठेवली आणि दंडापर्यंत हात बुडवून धुतले. तेवढ्यात सावडीतले बाकीचे वाटेनं निघाले होते. अक्कानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "म्हाज्या बागेत तेल्या आलाय. आत या नायतर नका येऊ. आलात तर जाताना धुवून जावा."

कोणी आपल्या बागेबद्दल हे वाक्य बोललेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. कोंडीराम आत गेला. त्याच्या मागं सगळे गेले. रोगट झाडं काढून बांधावर जाळली, बाकीच्या झाडांच्या फांद्या छाटून जखमांना चुना-मोरचुदाचा लेप लावला. निघताना सगळ्यांनी हात धुतले, कोंडीरामनं सगळ्यात आधी.

बाग राहील का, माहीत नाही. निम्मी हिरवी आहे. मुरुमचा व्यापारी फाटकाशी आला, बादली बघून मोटारसायकल तिथूनच वळवली आणि अमरसिंहच्या बागेत गेला. अक्कानं त्याला जाताना पाहिलं. बादलीतलं पाणी जुनं झालं होतं, ते तिनं ओतलं आणि नवं भरलं.

आता कोंडीरामच्या अर्ध्या एकराशीही एक निळी बादली आहे. त्याच्याकडंही आलाय. वरच्या अंगाला आणखी दोन दिसतात. अमरसिंहच्या फाटकाशी अजून बादली नाही. मी रोज जाता-येता बघतो.