मालूबाई भलत्याच बोटीत

निंबोल्यात मालूबाईंना "जरा कमी बोला" असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. म्हणायला मधे फट तर सापडली पाहिजे! गावातून बसमध्ये बसल्या की बुऱ्हाणपूरचा शनवारा येईपर्यंत शेजारच्या बाईचं माहेर, तिच्या गुडघ्यांचं दुखणं आणि सुनेचा स्वभाव, सगळं मालूबाईंना ठाऊक झालेलं असे. आणि उतरताना ती बाईच म्हणे, "बरं वाटलं बाई बोलून."

असीरगढच्या पायथ्याचं त्यांचं माहेर. लग्न होऊन निंबोल्याला आल्या आणि केळीच्या बागेत शिरल्या त्या शिरल्याच. खोडाजवळ फुटणारी पिलं, म्हणजे कोंब, कापायची, वाकलेल्या झाडाला टेकू द्यायचा, कापणीच्या दिवशी मजुरांच्या भाकरी थापायच्या, आणि मागे राहिलेल्या कच्च्या केळ्यांचे चिप्स तळायचे. त्यांचे यजमान पंडितराव चांगला माणूस, पण गाव सोडायचं म्हटलं की ते बागेकडे बोट दाखवत. "केळीला सुट्टी नसते," एवढं बोलून ते विषय मिटवत. त्यामुळे मालूबाईंची मजल भुसावळच्या पुढे कधी गेलीच नाही.

मग लेक रंजिताची बँकेतली बदली झाली थेट कोचीला. पोरगी रोज संध्याकाळी फोनवर समुद्र दाखवायची. एके दिवशी मालूबाई म्हणाल्या, "त्या एवढ्याशा फोनात समुद्र मावते का वं? मी येऊनच पाहाते."

बाग आता पुतण्या रितेश बघत होता, त्यामुळे पंडितरावांच्या जवळ सबब उरली नव्हती. तरी ते म्हणाले, "समुद्रात काय पाहाचं? पानीच पानी."

"मग तुम्ही राहा इथंच, ठिबक पाहात," मालूबाई म्हणाल्या, आणि सोबतीला थोरल्या जावेला घेतलं.

या थोरल्या जाऊबाई म्हणजे भागीरथीबाई. मालूबाईंच्या अगदी उलट. यजमान गेल्यापासून तर त्यांचं बोलणं होकार-नकारावर आलं होतं, आणि अंगावर कायम राखाडी नाहीतर मातकट लुगडं. त्यांना "चलता का?" म्हणून विचारलं तर त्या उठून पेटीच काढायला गेल्या.

शनवाऱ्यातून दराबा, ती रव्या-तुपाची मिठाई, बांधून घेतला, कळण्याच्या भाकरी आणि ठेचा डब्यात भरला, आणि दोघी बुऱ्हाणपूरहून एर्नाकुळमच्या गाडीत बसल्या. कोकणातले बोगदे येऊ लागले तेव्हा प्रत्येक अंधारात भागीरथीबाई जावेचा हात धरत आणि उजेड आला की सोडून देत.

खरी गंमत झाली ती पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी. रंजिताने सुट्टी काढली होती. बोटीने फोर्ट कोचीला जायचं, तिथली ती मोठाली चिनी जाळी बघायची असा तिचा बेत. धक्क्यावर तिने दोघींचे फोन स्वतःच्या पर्समध्ये टाकले. "बोटीत वाकून फोटो काढाल आणि पाण्यात पाडाल. आता इथंच उभ्या राहा. मी तिकिटं काढून आलीच. आई, कुठी जाऊ नको, प्लीज."

"मी कायले जाऊ?" मालूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात धक्क्याला बोट लागली. आजूबाजूच्या बाया घाईघाईने चढू लागल्या, मागून लोंढा आला, आणि मालूबाईंना वाटलं, हीच आपली. त्यांनी जावेला हाताला धरून आत घेतलं, खिडकीजवळची जागा पकडली आणि लेकीसाठी शेजारी पिशवी ठेवली. बोट हलली. धक्क्यावर रंजिता दोन्ही हात वर करून काहीतरी ओरडत होती.

"पाहा बाई, कशी टाटा करते," मालूबाई कौतुकाने म्हणाल्या.

भागीरथीबाई बराच वेळ धक्क्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "ती टाटा नाही करत."

तोपर्यंत मधे पाणीच पाणी झालं होतं. मालूबाई घाबरून उठायला लागल्या. पण समोरून एक जहाज आलं, शनवाऱ्याची वेसही त्याच्यापुढे बुटकी वाटावी एवढं उंच, त्याच्यावर रंगीत लोखंडी डबे एकावर एक रचलेले. बोटीच्या बाजूने बगळ्यांसारखे पांढरे पक्षी उडत होते. वारा पदरात शिरत होता. घाबरायचं त्या विसरूनच गेल्या.

बोट वैपिन नावाच्या बेटाला लागली. सगळे उतरले, म्हणून याही उतरल्या. पाट्या वाचता येईनात, बोलणं कळेना. पण धक्क्याच्या बाहेर एका दुकानावर केळीचे लांबलचक घड टांगलेले दिसले, आणि मालूबाईंचा जीव भांड्यात पडला. केळी आहे म्हणजे माणसं आपलीच, असा त्यांचा हिशोब.

दुकानात एक ठसठशीत बाई मोठ्या कढईसमोर उभी होती. किसणी कढईवरच धरून ती केळं सपासप घासत होती, आणि चकत्या सरळ उकळत्या तेलात पडत होत्या. वास मात्र वेगळा, खोबरेल तेलाचा. मालूबाईंनी घडाकडे बोट दाखवून विचारलं, "हे काय?"

"काया!" बाई खुशीत म्हणाली.

"हो, पण हे काय?"

"काया, काया!"

मालूबाईंना वाटलं, ही आपलीच नक्कल करते. त्यांनी कढईकडे बोट दाखवलं. "बरं, मग हे काय?"

"काया!" बाई आणखी जोरात म्हणाली, आणि दोघी एकमेकींकडे बघून अशा हसायला लागल्या की गिऱ्हाइकंही हसू लागली. तिकडच्या भाषेत कच्च्या केळ्याला 'काया' म्हणतात, हे मालूबाईंना नंतर रंजिताने सांगितलं.

मग त्या बाईने एक वाटी उचलली आणि त्यातलं पिवळं पाणी त्या कडकडीत तेलात ओतायला हात पुढे केला.

"अवं पानी! पानी!" मालूबाई किंचाळल्या आणि जावेला घेऊन मागे सरकल्या. तेल तडतडलं, फेसाळलं, आणि गुमान खाली बसलं. बाईने झाऱ्याने चकत्या काढून दोघींच्या हातावर ठेवल्या. ते हळद-मिठाचं पाणी होतं, आणि मीठ प्रत्येक चकतीत सारखं मुरलं होतं. मालूबाई जन्मभर तळून झाल्यावर वरून मीठ भुरभुरत आल्या होत्या. त्यांनी त्या बाईचे दोन्ही हात धरले.

बाईचं नाव अम्मिणी. तिने "इरिक्कू, इरिक्कू" म्हणत स्टूल पुढे केलं. मालूबाईंनी पिशवीतून दराबा काढून तिच्या तोंडात घातला. अम्मिणीने डोळे मिटले, तोंड हलवलं आणि आतल्या माणसांना हाका मारल्या. मग तिने पिकलेल्या केळ्याची गरम भजी दिली, वर चहा. बोलणं अखंड चालू. एक मराठीत बोलत होती, दुसरी मल्याळममध्ये, आणि कुणी कुणाची वाट बघत नव्हतं.

पुढच्या बोटीने रंजिता आली ती रडवेली होऊन. धक्क्यावर दोघी दिसेनात. ती धावतच बाहेर आली, आणि पाहते तर आई कढईजवळ पदर खोचून किसणी चालवते आहे आणि मोठी आई, म्हणजे भागीरथीबाई, गिऱ्हाइकांना पुड्या बांधून देते आहे.

"आई! माझा जीव जायचा बाकी होता!"

"अवं, ही बोट भलतीच निघाली," मालूबाई म्हणाल्या. "ये, बस. गरम आहे, खाऊन घे."

रंजिता रागावणार होती. पण मोठी आई तिच्याकडे बघून हसली, आणि ती अशी हसल्याला किती वर्षं झाली होती ते रंजिताला आठवेना. ती खाली बसली आणि भजी खाऊ लागली.

अम्मिणीनेच पुढचं ठरवलं. याच बेटावर चेराईचा किनारा आहे, बस समोरून सुटते, चिनी जाळी कुठे पळून जात नाहीत, असं तिने कामापुरतं मल्याळम शिकलेल्या रंजिताला समजावलं. दुपार कलल्यावर तिघी चेराईला पोचल्या. माडांच्या रांगेमागून समुद्र एकदम समोर आला, आणि मालूबाई वाळूतच थांबल्या. लाट जवळ आली की मागे पळत. "बाप रे, हे तर आपल्यावरच येते!"

भागीरथीबाईंनी चपला काढल्या. लुगड्याचा घोळ गुडघ्यापर्यंत खोचला आणि कुणाला काही न सांगता चालत पाण्यात गेल्या. एक लाट आली, कमरेपर्यंत भिजवून गेली. त्यांनी मागे वळून मोठ्याने हाक मारली, "मालू! ये ना वं! गरम पानी आहे!"

मालूबाई गेल्या. मग दोघी जावा एकमेकींना धरून लाटेबरोबर उड्या मारू लागल्या, आणि रंजिताला त्यांना बाहेर काढायला अंधार पडेपर्यंत विनवण्या कराव्या लागल्या.

पुढचे दिवस कसे गेले कळलंच नाही. चिनी जाळी पाहिली, दोर ओढायला मालूबाईंनी हात लावला. मट्टनचेरीच्या गल्लीत वेलची-मिरीच्या वासाने भागीरथीबाईंना शिंकांवर शिंका आल्या. कथकली पाहताना हिरव्या तोंडाच्या नटाने नुसत्या डोळ्यांनी राग, लाज, भीती दाखवली, तेव्हा मालूबाई खेळ संपेपर्यंत अक्षर बोलल्या नाहीत. शेवटच्या दिवशी कापडाच्या दुकानात रंजिताने मोठ्या आईसाठी साधी साडी मागितली. भागीरथीबाईंनी ती बाजूला सारली आणि फडताळातल्या रुंद सोनेरी काठाच्या साडीवर हात ठेवला. "ही," त्या म्हणाल्या.

तीच नेसून त्या परतीच्या गाडीत बसल्या. समोरच्या बाकावर जळगावची एक बाई होती. तिने सहज विचारलं, "कुठून आल्या?"

मालूबाईंनी सवयीने तोंड उघडलं, पण जाऊबाईंनी त्यांच्या मांडीवर हात ठेवला. "थांब, मी सांगते," म्हणाल्या, आणि सांगू लागल्या. बोट, अम्मिणी, पाण्याने तडतडलेलं तेल, लाटा. मधेच एखादं नाव अडलं तर मालूबाईंनी पुरवावं, एवढंच. जळगावची बाई जळगावला उतरून गेली तेव्हा सांगणं अर्धवट होतं. गाडी तापीच्या पुलावर आली, आणि भागीरथीबाई भुसावळला चढून खिडकीपाशी बसलेल्या नव्या बाईला म्हणाल्या, "तुम्ही समुद्र पाहिला का वं कधी?"