आदल्या दिवशीच्या शुभेच्छा

दोब्रिंका आमच्या गावात आली तेव्हा तिच्याजवळ एक बॅग होती आणि जर्मन शिकवणारं एक पुस्तक. पुस्तकातला माणूस पहिल्याच पानावर स्टेशनचा रस्ता विचारतो. आमच्या गावाला स्टेशन नाही. जर्मनीतल्या आयफेलच्या डोंगरात, रस्ता संपतो तिथे आम्ही राहतो. शाळा चालू असेल तर बस येते आणि निवृत्त होईपर्यंत ती बस मीच चालवत होते.

दोब्रिंका आली ती ओटिलीमावशीकडे. ओटिलीमावशी माझी शेजारीण. नवरा जाऊन जमाना झाला, मूलबाळ नाही, आणि पडून खुब्याचं हाड मोडल्यावर एकटीने राहणं शक्य नव्हतं. पुतण्याने एका एजन्सीमार्फत घरात राहून सांभाळणारी बाई मागवली, आणि बल्गेरियातल्या विदीनजवळच्या कुठल्याशा गावातून दोब्रिंका हजर झाली. पंचेचाळिशी उलटलेली. तिकडे शिवणकामाचा कारखाना बंद पडला होता, लेक आजीपाशी ठेवली होती.

मावशीने ते पुस्तक चाळलं आणि मिटलं. म्हणाली, "यातली माणसं आपल्या गावात राहत नाहीत. ठेव ते वर, आणि बटाटे सोलायला बस माझ्याजवळ."

झाली शाळा सुरू. बटाटे सोलताना मावशी बोलायची आणि दोब्रिंकाने उत्तर द्यायचं. हवा कशी आहे, कंबर कुठे दुखते, समोरच्या घराचे पडदे कोणी आणि किती महिन्यांत धुतले नाहीत. माझं तर स्पष्ट मत आहे, माणूस भाषा शिकतो ती कुरकुर करता करता. नम्र वाक्यं पाठ करून कोणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

पण बाई घाबरट! म्हणजे हाताने नव्हे. कोंबड्यांच्या खुराड्यात कोल्हा शिरला तर झाडू घेऊन त्याच्यावर धावून जाणारी ती. मावशीला उचलून बाथरूममध्ये नेणारी. घाबरायची ती फक्त तोंड उघडायला. चुकीचं बोललं तर लोक हसतील एवढंच नाही, काहीतरी भलतंच होऊन बसेल, अशी भीती तिच्या डोळ्यांत कायम असायची.

आमच्याकडे दुकान नाही, पावाची गाडी येते. घंटा वाजली की बायका बाहेर पडतात. दोब्रिंका पहिल्यांदा गेली आणि बोटाने पाव दाखवला. गाडीवाला उडो महाबेरकी. तो हाताची घडी घालून म्हणाला, "बोट तर दिसलं. आवाज कुठाय?"

ती लाल झाली. पुन्हा बोट दाखवलं.

"बाई, माझे पाव बहिरे आहेत का? हाक मारल्याशिवाय एकही खाली उतरत नाही."

बाया हसल्या. दोब्रिंका रिकाम्या हाताने धावत घरात गेली. मी मावशीला म्हटलं, "त्या उडोचे कान उपटते आता." तर मावशी म्हणते, "उपटू नकोस. मीच सांगितलंय त्याला."

त्या संध्याकाळी मावशीच्या ताटात पाव नव्हता. नुसतं सूप पीत बसली आणि दोब्रिंकाकडे बघत राहिली. पुढच्या खेपेला दोब्रिंकाने राय धान्याचा पाव तोंडाने मागितला. उडोने टोपी काढून सलाम केला, आणि एक गोड बन फुकट दिला. आमच्या गावात फुकट म्हणजे किती मोठा मान, ते बाहेरच्याला कळायचं नाही.

दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत ती माझ्याशी भांडायला लागली होती. "रोसवीथाबाई, तुम्ही कॉफीत साखर टाकता की साखरेत कॉफी?" असलं काहीबाही. मावशी तर तिच्या बोलण्यावर खूश. "माझी पोर," म्हणायची. "तुझ्यापेक्षा बरं बोलते, रोसवीथा. तू बसच्या हॉर्नसारखी बोलतेस." दोब्रिंका तिला आजी म्हणायची. मात्र चारपेक्षा जास्त माणसं जमली की बाईची बोलती बंद. चर्चच्या दारात, कोणाच्या अंत्यविधीला, नुसती हात बांधून उभी.

आणि मार्चमध्ये मावशीचा नव्वदावा वाढदिवस आला.

नव्वदावा म्हणजे सरपंच येणार, पाद्री येणार, बँडवाले अंगणात वाजवणार, पुतण्या बायकोला घेऊन येणार. सगळ्यांनी एकेक करून मावशीचा हात हातात घेऊन शुभेच्छा द्यायच्या आणि बाकीच्यांनी ऐकत उभं राहायचं. दोब्रिंकाला हे कळल्यापासून तिची झोप उडाली. उडोकडून तिने शुभेच्छांचं लांबलचक वाक्य शिकून घेतलं. आरोग्य, देवाचा आशीर्वाद, सगळं त्यात. कोंबड्यांना दाणे टाकताना ती ते पुटपुटायची. मला वाटलं, चला, तयारी चालली आहे. तिच्या मनात काय शिजतंय ते मला कुठून कळणार!

आदल्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी कॉफीला गेले. टेबलावर तिच्या देशाची चीज भरलेली गरम पेस्ट्री, बानित्सा म्हणतात तिला. मावशी खुर्चीत. दोब्रिंका एप्रन काढून, केस विंचरून समोर उभी राहिली, मावशीचा हात हातात घेतला, आणि ते वाक्य म्हटलं. अख्खं. न अडखळता, गोड आवाजात. उद्या गर्दीत जमणार नाही, म्हणून आजच, फक्त आजीपुढे.

मावशीचा चेहरा पांढराफटक पडला.

आमच्याकडे आदल्या दिवशी शुभेच्छा देत नाहीत. दिल्या तर तो वाढदिवस माणसाला दिसत नाही, असं म्हणतात. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण कोणाला आदल्या दिवशी शुभेच्छा दिल्याही नाहीत कधी. आणि मावशीच्या घरात तर हे घडलेलं होतं. तिचा नवरा एवाल्ड साठीचा होणार, त्याच्या आदल्या दिवशी त्याचा भाऊ बाटली घेऊन आला. उद्या गुरांच्या बाजाराला जायचंय म्हणाला आणि आजच शुभेच्छा देऊन गेला. दुपारी एवाल्ड गोठ्याच्या माळ्यावरून पडला. साठ काही पाहिले नाहीत त्याने.

"काय बोललीस तू?" मावशीने विचारलं. आवाज इतका बारीक की मला आधी कळलंच नाही कोण बोललं.

दोब्रिंकाला वाटलं, आपलं काही चुकलं. तिने ते वाक्य पुन्हा म्हटलं. अजून नीट.

"गप्प!" मी ओरडले. खरंच बसच्या हॉर्नसारखी. मग तिला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. एवाल्डचंही सांगितलं. ती ऐकत गेली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

दुपारपर्यंत मावशीने अंथरूण धरलं. छाती धडधडतेय म्हणाली, हात गार पडले. डॉक्टरीणबाई आल्या. रक्तदाब चढला होता. इस्पितळात चला म्हणाल्या, तर मावशीने पलंगाची कड घट्ट धरली. "मरायचं ते इथे," एवढंच बोलली. इंजेक्शन देऊन डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "या वयात भीती बाधते. अंधश्रद्धा हो, दुसरं काय," असं म्हणून हसल्या. मी म्हटलं, "मग उद्या याल ना वाढदिवसाला? शुभेच्छा आत्ताच देऊन जाता का?" त्यांचं हसू गेलं. "उद्याचं उद्या बघू," म्हणाल्या आणि जाता जाता, अपशकुन टळावा म्हणून आमच्याकडे करतात तशी, दाराच्या लाकडावर तीनदा टकटक केली. एवढी शिकलेली बाई!

तेव्हा मी खरी घाबरले.

दोब्रिंका मागच्या पायरीवर बसली होती. मी शेजारी बसले. म्हटलं, "अगं, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते कधीकधी. एवाल्ड पडला तो माळ्याची फळी कुजकी होती म्हणून. म्हातारीला काही होत नाही."

"आजी गेली तर मी मारलं," ती म्हणाली. "हाताने नाही. बोलून."

"काहीतरीच काय!"

"मला आधीपासून भीती होती, रोसवीथाबाई. कोणाला सांगितली नाही. वाटायचं, मी या भाषेत तोंड उघडते आणि आत काय आहे ते मला माहीत नाही. शब्द कळतात. पण त्यांच्या पाठीमागे तुमचं काय काय उभं असतं, ते नाही दिसत."

त्यानंतर ती बोललीच नाही. मावशीला पाणी पाजलं, उशी नीट केली, पाय चोळले, सगळं मुक्याने. मावशीने दोनदा हाक मारली, "पोरी, बोल गं काहीतरी." दोब्रिंकाने ओठ घट्ट मिटून घेतले. आपण अजून एक शब्द काढला तर म्हातारीचा उरलासुरला श्वासही जाईल, अशा नजरेने ती मावशीकडे बघत होती. संध्याकाळी मी घरी आले. एकीच्या जिवाची भीती होती, आणि दुसरीचीही. मावशी गेली, तर ही बाई आयुष्यभर कोणत्याच भाषेत धड बोलायची नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

सकाळी उठून आधी खिडकीशी गेले. मावशीच्या खोलीच्या खिडकीवरची झडप खालीच होती. रोज ती उजाडताच वर जाते. घरातल्या चपलांनीच अंगण ओलांडून मागच्या दाराने आत शिरले.

दोब्रिंका स्वयंपाकघरात बसली होती. कालचेच कपडे. टेबलावर कालची बानित्सा तशीच, कोणी हात न लावलेली.

"आहे ना गं?" मी विचारलं. "मावशी आहे ना?"

तिने मान हलवली. या खांद्याकडून त्या खांद्याकडे.

मी खुर्ची धरली. मग आठवलं की तिच्या देशात 'हो' म्हणायला मान अशीच हलवतात. पण ती सवय तिने इथे येऊन केव्हाच सोडली होती, आमच्यासारखी मान डोलवायला लागली होती. आता कालपासून तिचं सगळंच परत गेलं होतं तिकडे. मग ही मान तिथली की इथली? मी विचारलं, "आहे की नाही, तोंडाने सांग!" तिने तोंडावर हात ठेवला.

तिला दंडाला धरून मी खोलीकडे ओढत नेलं. दार ढकललं. आत अंधार, आणि उशीवर मावशीचं डोकं मागे कललेलं, तोंड उघडं. मी आयुष्यात घाटातल्या बर्फावर बस चालवली आहे, मागे मुलं भरलेली असताना. त्या पलंगापर्यंत चालणं त्याहून अवघड होतं.

"उजाडलं का?" पलंगावरून आवाज आला.

मी जी ओरडले ती ओरडलेच.

"ओरडू नकोस, मेलेली नाही मी," मावशी म्हणाली. आवाज घोगरा, डोळे लाल. "उजाडलं का ते सांग."

"उजाडलं! केव्हाच उजाडलं!"

"मग झडप उघड. इथे माणूस रात्रभर जागून उजाडायची वाट बघतोय, आणि तुम्ही दोघी बाहेर कुजबुजताय."

मी झडप वर ओढली. उजेडात मावशी फार थकलेली दिसली. कालपेक्षा कितीतरी म्हातारी. दोब्रिंका दाराशीच उभी होती, हात अजून तोंडावर.

"इकडे ये," मावशी तिला म्हणाली.

ती आली. पलंगाशी गुडघ्यावर बसली.

"भ्यायले गं मी काल. फार भ्यायले. एवाल्ड सारखा डोळ्यांसमोर येत होता. पहाटेकडे तर वाटलं, पुरे झालं, मिटावेत डोळे. त्यात भ्यायचं काय, नव्वदीला कोणीही मिटतं." मावशीने दम घेतला. "मग तुझी पावलं ऐकू आली दारापाशी. यायचीस, थांबायचीस, परत जायचीस. म्हटलं, ओटिली, आज मरायची सोय नाही तुला. आज मेलीस तर या पोरीला वाटेल, तिच्या बोलण्याने मेलीस. उद्या मर, परवा मर, आज नाही. चिमटे काढून जागी राहिले बघ." तिने बाही वर करून दंड दाखवला. सुरकुतलेल्या कातडीवर निळे डाग उठले होते.

दोब्रिंकाने त्या डागांवर कपाळ टेकवलं आणि रडायला लागली, मोठमोठ्याने, तिच्या गावाकडे रडत असतील तशी. मावशी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

"आता म्हण ते," ती म्हणाली. "कालचंच. आज चालतं."

दोब्रिंकाने डोकं वर केलं. पहिला शब्द निघाला आणि अडकला, दुसरा चुकला, आरोग्य आधी आलं आणि देव मागून. काल घडाघडा म्हटलेलं वाक्य आज कसंबसं, मोडकंतोडकं शेवटपर्यंत गेलं.

मावशीने सगळं ऐकून घेतलं. एकही चूक सुधारली नाही.