कालव्यावर शंटिंग

घरी आजवर सांगितलं नाही, ते आधी इथेच सांगून टाकतो. ओडिशातल्या त्या जुन्या जलपाशात नाव आदळली, ती माझ्यामुळे.

मी भिलाईजवळच्या चरोद्याच्या रेल्वे यार्डातला शंटर, हाताच्या खुणांनी इंजिन-डबे मागेपुढे घेणारा. साडभाऊ वसंता म्हणाला, "आपल्या शिवनाथचं पाणी महानदीत जाते म्हन्तेत. चला ना भाऊ, कुठवर पोचलं पाहून येऊ." दुर्गहून गाडी धरली.

महानदीकाठच्या कटकला आधी दहीबरा (ताकात भिजवलेले वडे, वर बटाट्याचा झणझणीत रस्सा) हाणला. वसंताच्या पोटाइतकाच तो शर्टावरही गेला. मग रिक्षाने कालवा गाठला.

जलपाश म्हणजे नावांसाठी पाण्याचा जिना. बांधाने नदी अडवली की वरचं पाणी उंच, खालचं खोल. मधे दगडी हौद, दोन्ही टोकांना दारं. नाव आत घ्यायची, मागचं दार लावायचं, पाणी भरायचं; नाव आपसूक वर. इंग्रजांच्या काळात इथून मालाच्या बोटी जायच्या. आता क्वचित एखादी नाव येते. नेमकी आमच्यासमोर आली, मडक्यांनी भरलेली.

चौकीदार जेनाकाका वाकून दाराचं हँडल फिरवत होते, मी त्यांच्या अगदी मागे उभा. दार अर्धंच उघडलेलं. खाली नावाडी बांबू रोवून थांबलेला. आणि माझा हात उठला. अंगासमोरून आडवा, सावकाश: यार्डातली 'माझ्याकडे ये'ची खूण. थांबलेलं काही दिसलं की तो उठतोच. मेव्हण्याच्या वरातीत नवरदेवाची घोडीही मी अशीच पुढे घेतली होती.

नावाड्याने बांबू रेटला. नाव धाडकन दारावर. मडक्यांचा खच.

नावाडी खालून ओरडला, "काका, हाथ क्यों दिखाया?"

"मैंने? मेरे दोनों हाथ हँडल पर थे!"

"तो क्या भगवान ने दिखाया? साहब को बोलता हूँ, दूसरा आदमी रखो!"

काकांचा चेहरा उतरला. वसंता माझ्याकडे वळला. "भाऊ, हात तुमचा होता का?"

"घाम पुसून राहिलो होतो ना."

"येवढा लांब घाम?"

मी खाली उतरलो आणि खापऱ्या वेचू लागलो. नावाडी गहिवरला. "आप भले आदमी हो." काकांनी तर मला चहा पाजला. तोही मी प्यालो.

परतताना भिलाईच्या कारखान्याच्या चिमण्या दिसल्या तेव्हा वाटलं, सुटलो. पण वसंता चरोद्यात अजून तो किस्सा रंगवून सांगतो, म्हाताऱ्या चौकीदाराची नक्कल करतो. सगळे हसतात. मीही हसतो.

काका कामावर राहिले की नाही, ठाऊक नाही. त्यांच्या साहेबासमोर उभं राहून 'हात माझा होता' म्हणणं माझ्याकडून बाकी आहे.