भुशाच्या शेगडीची ऊब

माझी मुलगी आठव्या महिन्यातच झाली. नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. पौषातली थंडी होती आणि पहिलं बाळंतपण म्हणून मी देवळाली प्रवऱ्याला माहेरी आले होते. पोरीला नगरच्या दवाखान्यात काही दिवस काचेच्या पेटीत ठेवलं. दूध ओढायला लागली तसं घरी सोडलं. निघताना डॉक्टरीणबाई आईला म्हणाल्या, "हिला ऊब हवी. हात-पाय गार पडू देऊ नका. औषधापेक्षा ते महत्त्वाचं आहे."

आईनं ते असं मनावर घेतलं की त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना. माझ्या पाठचा एक भाऊ थंडीतच गेला होता, जन्मून महिनाही झाला नव्हता. आई त्याच्याविषयी कधी बोलत नसे. त्या वेळी मात्र पोरीचे तळपाय हातात धरून म्हणाली, "एक गेलं हातातून. हे न्हाई जाऊ द्यायची."

आमचं घर दोन खोल्यांचं, वर पत्रा. भोवती ऊस आणि पाटाचं पाणी, त्यामुळे पत्र्याला आतून दव धरायचं आणि सकाळी अंथरुणावर थेंब पडायचे. रॉकेल स्वयंपाकालाच पुरत नसे. भुसा मात्र हवा तेवढा होता, कारण दादा, म्हणजे माझे वडील, लाकडाच्या वखारीत करवतीवर कामाला होते. रोज सायकलला एक गोणी बांधून आणायचे.

भुशाची शेगडी म्हणजे बाजूला, तळाजवळ एक भोक पाडलेला पत्र्याचा डबा. मधोमध एक गुळगुळीत दांडा उभा धरायचा, दुसरा खालच्या भोकातून आडवा घालायचा आणि भोवती भुसा मुठीनं ठासून भरायचा. मग दोन्ही दांडे हलकेच ओढून काढायचे. खालून वारा शिरतो, मधल्या पोकळीत विस्तव धरतो आणि भुसा आतून बाहेर सावकाश जळत राहतो. एरवी आमच्याकडे त्यावर अंघोळीचं पाणी तापायचं. आता ती शेगडी बाळंतिणीच्या खोलीत आली.

पहिल्यांदा तिची धग पुरेना. भुसा ओला असायचा आणि नुसता धुमसायचा. आईनं तो अंगणात वाळत घालायला सुरुवात केली, चाळून साली काढून टाकल्या. दादांना म्हणाली, "आंब्याचा नगं, लगेच जळून जातोय. बाभळीचा आना." बाभळीच्या भुशानं धग वाढली, पण वरच्या वर निघून जायची. मग तिनं शेगडीच्या तोंडावर जुना लोखंडी तवा पालथा घातला. तवा तापून लाल व्हायचा आणि त्याची ऊब खोलीभर पसरायची. भुसा जास्त वेळ टिकावा म्हणून खालच्या भोकाला विटेचा तुकडा लावला, थोडीशी फट ठेवून. पत्र्याखालच्या भोकांत चिंध्या कोंबल्या. दाराच्या फटीला गोणपाट लावलं.

धुराची भीती आम्हालाही होती. म्हणून शेगडी आधी अंगणात पेटवायची आणि धूर पूर्ण गेला की मगच उचलून आत आणायची. धूर गेला म्हणजे धोका गेला, असंच आम्ही सगळे धरून चालत होतो.

मला आणि पोरीला न्हाऊ घालायला वस्तीतल्या एक मावशी येत. न्हाणी घरामागं होती, ताट्यांनी आडोसा केलेली. त्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "तुमी सावकाश न्हाऊन या. तवर मी खोली चांगली तापवून ठिवते." तिनं ताजी भरलेली शेगडी आत नेली आणि पोरीची ओली लंगोटं, झबली वाळवायला जवळ बसली. दार लावून घेतल्याचा आवाज मी ऐकला.

मावशींचं तेल लावणं निवांत असायचं. आम्ही परत आलो तेव्हा दार बंदच होतं. दोन हाका मारल्या, आतून ओ आली नाही. मावशींनी खांदा लावून दार ढकललं. खोलीत धूर नव्हता, कसला वास नव्हता. इतकी छान ऊब त्या खोलीत आधी कधीच नव्हती. आई भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर घडी घातलेली लंगोटं, गाल लालबुंद. मला वाटलं, उबेनं डोळा लागलाय.

मावशींनी तिचा खांदा हलवला आणि आई कलंडली.

"पोरीला घिऊन लांब हो," मावशी म्हणाल्या. त्यांनी आईला काखेत धरून ओढत अंगणात आणलं. शेजारच्यांनी जीप मिळवली, वखारीत निरोप गेला. मी पोरीला पोटाशी धरून अंगणात उभी होते, केस ओले, आणि जीप दिसेनाशी झाली तरी तिथंच होते.

आई संध्याकाळी शुद्धीवर आली. डॉक्टरांनी दादांना सांगितलं, की कोंडलेल्या विस्तवातून एक वायू निघतो, त्याला ना वास ना रंग, आणि तो रक्तातच भिनतो. काही दिवसांनी आई घरी आली. अशक्त होती, पण बोलत होती, पोरीला मांडीवर घेत होती. आम्हाला वाटलं, निभावलं.

शेगडी परत अंगणात गेली. पोरीला कसं ऊबदार ठेवायचं, हे मावशींनी दाखवलं. तिला उघडी करून माझ्या छातीशी लावली आणि वरून लुगड्यानं आम्हा दोघींना गुंडाळलं. तेवढ्यानं तिचे पाय गरम राहिले.

दोन-तीन आठवड्यांनी आईनं चहात मीठ घातलं. मग एकदा झाडू हातात धरून ती भिंतीकडे तोंड करून नुसतीच उभी राहिली. चालताना पाय घासायला लागली, लुगडं ओलं व्हायला लागलं. एके दुपारी पोरीकडे पाहून तिनं मला विचारलं, "कुनाचं लेकरू हाय हे?"

नगरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मेंदूला लागलंय, कधी कधी असं मागाहून होतं. ही सुधारेल का, असं दादांनी विचारलं. डॉक्टरांनी तसं काही कबूल केलं नाही.

माझ्या सासूबाई लांबलेल्या बारशाला आल्या. आईला कोपऱ्यात बसलेलं पाहून जेवता जेवता म्हणाल्या, "पोर पांढऱ्या पायाची दिसती. आल्या आल्या आजीला बसवलं." माझा नवरा खाली मान घालून जेवत राहिला.

दादा वाढत होते. हातातलं पातेलं त्यांनी खाली ठेवलं. "इहीनबाई, छप्पन साली माझ्या बापानं दीक्षा घिऊन असलं समदं सोडलं. ते तुमी परत माझ्या दारात आनू नका. पोरीचा काय बी दोष न्हाई." सासरी मला न्यायला लवकर कोणी आलं नाही, आणि मलाही घाई नव्हती.

पोरगी वाढली, बोलायला लागली. आई मात्र खालावत गेली. मी सासरी गेल्यावर तिचं सगळं दादांनीच केलं. वखारीत जायच्या आधी तिला अंघोळ घालायचे, लुगडं नेसवायचे. त्यावरून वस्तीतले पुरुष त्यांना हसायचे.

एकदा मी माहेरी गेले होते. आई उन्हात बसली होती आणि दादा मागं बसून तिची वेणी घालत होते. ती मागं वळून म्हणाली, "भाऊ, तुमचं लई उपकार हायेत. तुमी कुन्या गावचं?"

"हितलाच हाय," दादा म्हणाले, आणि तिचं डोकं हलकेच पुढं करून त्यांनी वेणी पुरी केली.