मागून मारलेली हाक

ओल्या घोंगड्याचा वास आला, की मला कुंडल गावाजवळचा तो गढूळ ओढा दिसतो. कॉलेजच्या सुट्टीत मी विश्रामबागेतली खोली सोडून आई-वडिलांबरोबर मेंढरांमागे हिंडत होतो, आणि डोक्यात एक विज्ञानकथा घोळत होती. ग्रीक पुराणातला एक गवई मेलेल्या बायकोला पाताळातून घेऊन निघतो, पण अट मोडून मागे वळून बघतो आणि ती कायमची जाते. माझ्या कथेत गवयाच्या जागी अंतराळयानाचा कप्तान होता. तो मागे का बघतो, तेवढंच सुचत नव्हतं. त्या दुपारी आम्ही ओढा ओलांडत होतो. वडील पुढे, त्यांच्या पाठोपाठ मेंढरं, शेवटी आई आणि मी. पुढच्यानं मागे वळायचं नाही, ही आमची रीत. तो थांबला की कळप थांबतो. मध्यावर असताना वरच्या अंगाला पडलेल्या वळवाचं पाणी एकदम चढलं आणि आईचा पाय निसटला. मी तिचा दंड धरला, ती सावरलीही. "त्यास्नी हाक मारू नगंस रं," ती म्हणाली. तरी मी जीव खाऊन ओरडलो, "आबा!" ते वळले. मेंढरं पाण्यातच थांबली, एकमेकांना चिकटली, आणि डोळ्यांदेखत निम्मा कळप वाहून गेला. वडील कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून घसा बसेपर्यंत त्यांना बोलावत राहिले. मला मात्र कधी एका शब्दानं बोलले नाहीत. ती कथा पुढे मी पुरी केली, छापूनही आली. तिच्यात कप्तान आपल्याच चुकीनं मागे वळतो. मागून त्याला कुणीही हाक मारलेली नाही.